मंगळवारी देवासहून गिऱ्हाईक येतंय

आधी कोमट पाणी.
त्यात शाम्पू, गाडीचाच.
भांड्यांच्या साबणाने वरचं मेण जातं
आणि रंग उघडा पडतो, असं चेतन म्हणाला.
नखाने खरवडायचं नाही.
मी खरवडलं. पहिल्यांदा सगळेच खरवडतात.

पांढरी गाडी, अकरा वर्षांची,
सुदामानगरच्या गल्लीत कडुनिंबाखाली,
बॉनेटवर साडेपाचशे रविवार.

शेवेचं तेल तासाभरात निघालं.
जिलबीचा पाक गरम फडक्याखाली
अलगद सुटला, जुन्या पाकिटावरच्या तिकिटासारखा.
हळद मात्र मुक्कामाला आलेली.
सोडा लावला. निम्मं पाणी घालून व्हिनेगर लावलं.
तो निळा मातीचा गोळा फिरवला, सरळ रेषेत;
गोल फिरवला की उन्हात कोळ्याची जाळी दिसते म्हणे.
हळद जागची हलली नाही.

झोकरकर वहिनी कठड्यावरून म्हणाल्या,
"अगं, हळद लागलेल्या पातळाचं काय करतो आपण?
उन्हात टाकतो ना?"

गाडी मैदानात नेऊन उभी केली.
शनिवारी पिवळी, रविवारी लिंबाच्या सालीची,
सोमवारी शोधावी लागली.
अकरा वर्षं आम्ही सावली शोधत होतो,
रंग टिकावा म्हणून.

आम्ही म्हणजे मी, मंदा रेशीमवाले आणि उज्ज्वला.
सकाळी सहाला, घरं उठायच्या आत,
रामबागेच्या कोपऱ्यावर पोहे.
तिथे बाकडं नव्हतं, बॉनेट होतं.
जानेवारीत तर इंजिनाची ऊब,
द्रोण निवायचे नाहीत.
मंदाला जीरावन दुप्पट, वर कचोरी,
तिच्यावर चिंचेची चटणी, ओघळेपर्यंत.

इथेच एकदा उज्ज्वला म्हणाली,
मी आता त्या घरी परत जाणार नाही.
आम्ही दोघी काही बोललो नाही.
मंदाने आपली जिलबी उचलून
तिच्या द्रोणात ठेवली,
आणि पोहेवाल्याला ओरडून सांगितलं,
"भिया, सेव कम डाली आज!"

आता मंदाच्या छातीत दोन स्टेंट आहेत.
रोज सकाळी ती ओट्सचा फोटो पाठवते,
वर केळ्याच्या चकत्या, खाली काही लिहीत नाही.
उज्ज्वला पुण्याला लेकीकडे.
आणि मला संध्याकाळनंतर
समोरून येणारा प्रत्येक दिवा दोन-दोन दिसतो.
म्हणून गाडी विकायची.

राहिली चटणी.
चेतनने उकिडवं बसून टॉर्च मारला.
"मॅडम, ये दाग नहीं है. ये तो गड्ढा है."
तेल बसतं, हळद रंगवते,
चिंच खाते.
द्रोणाच्या बुडाएवढं वर्तुळ,
सरळ पाहिलं तर नाहीच,
मान कलती केली की आहे.
पॉलिशचे तीन हजार सांगितले त्याने.
मी राहू दे म्हटलं.

मंगळवारी नवरा-बायको आले.
त्याने टायरला लाथ मारून पाहिली,
इंजिनाला कान लावला,
वर्तुळ त्याला दिसलंच नाही.
मीच दाखवलं.
त्याने लगेच दोन हजार कमी केले.
घरी मुलगा म्हणाला, आई, कमाल करतेस.

चालवून बघायला ती बसली स्टिअरिंगवर.
एक चक्कर, दुसरी,
मग रामबागेच्या कोपऱ्यावर गाडी आपोआप हळू झाली
किंवा मला तसं वाटलं.
"आंटी, भूक लगी है," ती म्हणाली.

द्रोण तिने बॉनेटवर ठेवला.
पुसून दिलेल्या, उन्हात तापवलेल्या, चकचकीत बॉनेटवर,
वर्तुळापासून वीतभर डावीकडे.
चटणी काठाकडे कललेली.

माझा हात पुढे झाला होता.

"चटणी लगेच पुसायची," मी म्हटलं,
"वाळू द्यायची नाही."
"हाँ आंटी," तोंडात कचोरी.

फडकं मी घडी घालून
डिकीत ठेवलं.
त्यांच्या.